१९६० च्या बीटलचा मूळ रेडिओ: आतले काढून टाकावे की दुरुस्त करावे?

अंत्रुजकर:
आमच्या घरी १९६० सालची फोक्सवॅगन बीटल आहे. गोवा मुक्त होण्याच्या आदल्या वर्षी आजोबांनी ती मुरगाव बंदरातून सोडवून फोंड्याला आणली. इंजिन आणि पत्र्याचे काम आता उरकले असून डॅशबोर्डमधील रेडिओची जागा तेवढी रिकामी आहे. मूळ संच ब्लाउपुंक्टचा होता हे आजीला पक्के आठवते, कारण त्यावरच्या निळ्या ठिपक्याला ती ‘टिकली’ म्हणत असे. गेल्या महिन्यात मडगावच्या एका भंगारवाल्याकडे त्याच कंपनीचा, डॅशबोर्डच्या खाचेत नेमका बसणारा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) संच मिळाला. तो चालू करून पाहिलेला नाही. एका मेकॅनिकच्या मते आतले सारे काढून टाकावे आणि ब्लूटूथची पट्टी बसवावी. मन तयार होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डाखवाला:
चालू करून पाहिला नाहीत, हे फार चांगले केलेत. प्रथम संचावरची माहितीची पट्टी वाचा. १९६७ पूर्वीच्या बहुतेक बीटल ६ व्होल्टच्या असत. तुमच्या गाडीची वायरिंग दुरुस्तीच्या वेळी १२ व्होल्टची केली असेल आणि संच ६ व्होल्टचा असेल, तर त्याला थेट बॅटरी जोडणे म्हणजे व्हॉल्व्ह जाळणे. काही संचांत दोन्ही दाबांची (व्होल्टेजची) सोय असते, ती कोणत्या बाजूला लावलेली आहे तेही पाहावे.

आता आतली रचना. व्हॉल्व्हला दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि बॅटरीच्या सरळ प्रवाहावर दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून डबीएवढ्या व्हायब्रेटरमधील पात्याचे टोक सेकंदाला शंभरेक वेळा इकडून तिकडे आपटत प्रवाह तोडते व जोडते. जुने कारचे रेडिओ लावताच जी बारीक गुणगुण ऐकू येते, ती याचीच. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ही टोके काळी पडतात आणि डबीतले रबर विरघळून चिकट होते. डबी उघडून टोके अगदी बारीक पॉलिश कागदाने पुसली, तर निम्मे व्हायब्रेटर पुन्हा बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे. ते न झाल्यास त्याच खाचेत बसणारा ट्रान्झिस्टरचा पर्याय मिळतो.

मात्र त्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम (जास्त दाबाच्या) बाजूचा बफर कंडेन्सर, म्हणजे दाबाचे झटके शोषणारा कंडेन्सर, न चुकता बदलावा, आणि तोही किमान १६०० व्होल्टचा घ्यावा. तो गळका असेल तर नवा व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात. इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कंडेन्सरही बदलावेत. व्हॉल्व्ह मात्र क्वचितच गेलेले असतात. ईसीएच८१ यासारख्या व्हॉल्व्हच्या नावातील पहिले ‘ई’ ६.३ व्होल्टचे फिलामेंट (आतली तापणारी तार) दर्शवते, तेवढे ध्यानात ठेवून बदली व्हॉल्व्ह शोधावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते अजूनही सापडतात.

म्हापशेकर:
वरील सल्ल्यात माझ्या चुकीची भर घालतो. स्पीकर न जोडताच मी माझा संच पाच मिनिटे चालवला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला जोडणारा) गमावला. त्यामुळे टेबलावर तपासतानाही योग्य ओहमचा स्पीकर जोडलेला असू द्या. तुमचा मूळ स्पीकर डॅशबोर्डच्या जाळीमागे असेल, तर त्याचा कागद कसरीने खाल्ला आहे का ते पाहा. ब्लूटूथबद्दल माझे मत असे की, आतले काढायचेच असल्यास ते तेलकागदात बांधून कपाटात ठेवा, टाकू नका. पण त्याआधी एकदा दुरुस्त करून पाहा.

अंत्रुजकर:
पट्टीवर ६ व्होल्ट आहे, आणि गाडी मात्र १२ व्होल्टची केलेली आहे! डायलवर मध्यम लहरी आणि एफएम दोन्ही आहेत. आता ऐकायला काय मिळेल?

डाखवाला:
दाब उतरवणारा कन्व्हर्टर लावा. संच पाच-सहा अँपिअर खाईल, तेव्हा त्याहून मोठ्या क्षमतेचा घ्या.

जुन्या जर्मन डायलवरचे एफएम १०० किंवा १०४ मेगाहर्ट्झला संपते, त्यामुळे पणजीचे १०५.४ त्यावर येणार नाही. मध्यम लहरींवर आकाशवाणी पणजीची १२८७ किलोहर्ट्झची जागा मात्र डायलच्या आत आहे. अँटेनाच्या सॉकेटजवळ एक लहानसे भोक असेल, त्यात ट्रिमरचा, म्हणजे संच अँटेनाशी जुळवून घेण्याचा, स्क्रू असतो. संच गाडीत बसवून, अँटेना पूर्ण वर काढून, १४०० च्या आसपासच्या एखाद्या क्षीण केंद्रावर सुई आणा आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो स्क्रू हलकेच फिरवा. इंजिन सुरू करताच खरखर आली, तर डायनॅमोवर कंडेन्सर लावावा, परंतु डायनॅमोच्या डीएफ (फील्ड) टर्मिनलवर तो कधीही जोडू नये.

अंत्रुजकर:
देव बरें करूं. मेकॅनिकला नकार कळवला आहे. व्हायब्रेटरची डबी रविवारी उघडतो.