हॉलसाठी चौदा डाउनलाइट खरोखर लागतात का?

जुळे सोलापूर, दुसरा मजला:

नमस्कार. आमच्या वीस वर्षे जुन्या फ्लॅटचे काम सध्या चालू असून पुढच्या आठवड्यात हॉलच्या पीओपीचा सांगाडा बसणार आहे. त्याआधी दिव्यांचे नक्की करून वायरमनला सांगायचे आहे. हॉल १६ फूट बाय ११ फुटांचा आहे, आणि मधोमध १२०० मिलिमीटरचा पंखा आहे, जो होळीच्या आधी सुरू झाला की दिवाळीपर्यंत क्वचितच बंद होतो. इंटिरियरचे काम घेतलेल्यांनी १२ वॅटचे १४ डाउनलाइट (छतात बसवून खाली उजेड टाकणारे दिवे), सगळे ६५०० केल्विनचे म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे, सुचवले आहेत.

अडचण अशी की सासऱ्यांचे वय ७६ आहे आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. नमुना म्हणून लावलेल्या एका दिव्याखाली ते वर्तमानपत्र घेऊन बसले आणि पाच मिनिटांत त्यांनी टोपी पुढे ओढून भुवयांपर्यंत आणली. यजमानांचे म्हणणे मात्र असे की पिवळ्या उजेडात उकडल्यासारखे होते आणि सोलापुरात तर पांढराच उजेड हवा. शिवाय स्वयंपाकघरात दिवा माझ्या पाठीमागे असल्यामुळे ओट्यावर माझीच सावली पडते, आणि ज्वारी निवडताना सोंडे दिसत नाहीत म्हणून मला ताट खिडकीशी न्यावे लागते. दिवे किती, कोणत्या रंगाचे आणि कुठे लावावेत, याविषयी जाणकारांनी सांगावे.

वायरिंगची पंचवीस वर्षे:

ताई, वॅट बाजूला ठेवा आणि ल्युमेन पाहा, कारण वॅट म्हणजे दिवा खातो किती आणि ल्युमेन म्हणजे देतो किती. १२ वॅटच्या बऱ्या डाउनलाइटमधून साधारण ११०० ल्युमेन उजेड मिळतो, म्हणजे चौदा दिव्यांचे झाले १५,४००. त्यातला काही भाग छत, भिंती आणि पुढे साचणारी धूळ यांत जातो, म्हणून मी साठ टक्केच हिशेबात धरतो. तुमचा हॉल १७६ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १६.३ चौरस मीटरचा आहे. भागून पाहिले तर साडेपाचशे लक्सच्या (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) वर आकडा जातो. कार्यालयात टेबलावर लिहिण्यावाचण्यासाठी ३०० ते ५०० लक्स पुरेसे मानतात, आणि बैठकीच्या खोलीत सर्वसाधारण वावरायला दीडशेसुद्धा भरपूर होतात. तेवढ्यासाठी ८ वॅटचे सहा दिवे पुरतात. आजोबांच्या खुर्चीशेजारी वाचायला वेगळा दिवा द्या. तो खांद्यामागून, एका बाजूने, कागदावर पडावा आणि त्याचा बल्ब डोळ्यांना दिसू नये.

आता पंख्याचे सांगतो, कारण नकाशावर हे कुणी दाखवत नाही आणि तक्रार मात्र नंतर वायरमनकडे येते. डाउनलाइट छतात बसतो आणि पंख्याची पाती त्याच्या फूटभर खाली फिरतात. दिवा पात्यांच्या वर आला की प्रत्येक पाते उजेड कापत जाते आणि भिंतीवर, जमिनीवर, वाचणाऱ्याच्या कागदावर सावल्या लपलपत राहतात. तुमच्या पंख्याच्या पात्याचे टोक मध्यापासून दोन फुटांवर येते. त्यामुळे लांबीच्या दोन्ही भिंतींपासून अडीच फूट आत तीन-तीन दिवे घ्या. म्हणजे मधली जोडीही पात्यांच्या टोकापासून फूटभर बाहेर राहील. झोत साठ अंशांचा मागा. पसरट, १२० अंशांचा पॅनेल घेतलात तर पाते त्याचा उजेड थोडाफार कापणारच.

दुकानात दिवा लावून मोबाईलचा कॅमेरा त्याच्याजवळ धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत ठेवा. ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला जुळेल अशी वीज देणारा भाग, हलक्या दर्जाचा असला की उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि उघड्या डोळ्यांना ते कळले नाही तरी काही जणांचे डोके त्याने दुखते.

आणखी एक सांगणे आहे. सगळे दिवे एकाच बटणावर घेऊ नका. भिंतीकडच्या दोन ओळी दोन बटणांवर आणि वाचनाचा दिवा तिसऱ्यावर घ्या. भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा आता तीस फूट वायर जास्त गेलेली स्वस्त पडते.

रंगखाते:

मी सुताच्या रंगाईत काम करतो, त्यामुळे उजेडाच्या रंगावरून वाद घालणे हा आमचा रोजचाच उद्योग आहे. चादरीसाठी रंगवलेल्या सुताची शेड गिऱ्हाईकाच्या नमुन्याशी जुळवताना आम्ही ती एका पेटीत, आळीपाळीने तीन उजेडांत पाहतो: दिवसाचा प्रमाण उजेड म्हणजे डी ६५, दुकानी उजेडाचा टीएल ८४, आणि जुन्या तारेच्या दिव्याचा पिवळा उजेड. पहिल्यात हुबेहूब जुळलेल्या दोन लडी तिसऱ्यात बघाव्यात, तर एक विटकरी आणि दुसरी जांभळट दिसते, असे कितीदा तरी होते.

हे सांगण्याचे कारण असे की खोक्यावरचे ६५०० केल्विन म्हणजे उन्हाचा उजेड नव्हे. केल्विनचा आकडा उजेडाची छटा पिवळट की निळसर एवढेच सांगतो. त्या उजेडात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतील हे सीआरआय या दुसऱ्या आकड्यावरून कळते. तो बहुतेक साध्या दिव्यांत ८० च्या आसपास असतो, आणि तुम्ही ९० किंवा अधिक मागावा. त्यातही मेख अशी की हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नाही, म्हणून आर ९, म्हणजे गडद लालाचा आकडा, वेगळा विचारावा लागतो; दुकानदार बहुधा तुमच्याकडे बघत राहील. तसे झाले तर घरातला एखादा मरून टॉवेल पिशवीत घालून न्या आणि दिव्याखाली धरा. तो करपलेल्या शेंगदाण्यासारखा दिसला तर आकडा विचारण्याची गरजच उरली नाही.

सासऱ्यांचे कारण निराळे आहे. वयानुसार डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते आणि निळा उजेड अडवते; शस्त्रक्रियेत ते काढून स्वच्छ भिंग बसवले की तोच पांढरा दिवा अधिक निळा आणि अधिक प्रखर वाटतो. म्हणून हॉलमध्ये ३००० केल्विन घ्यावा, फार तर ४०००, आणि ज्याचा चकचकीत भाग आत खोल बसवलेला आहे असा दिवा निवडावा.

यजमानांच्या शंकेबाबत एवढेच, की पिवळा उजेड खोली तापवत नाही. दिव्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते, आणि चौदा दिव्यांचे १६८ वॅट म्हणजे खोलीत दीड माणूस अधिक बसल्यासारखे आहे, मग उजेड पांढरा असो की पिवळा. वाटण्याचा भाग मात्र मी नाकारत नाही. मे महिन्यात पिवळ्या उजेडाकडे पाहून मलाही घाम आठवतो.

वरचा मजला, होटगी रोड:

वरच्या उत्तरांत एक भर घालतो. आमच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही, आणि पीओपीच्या वरची हवा संध्याकाळपर्यंत भट्टीसारखी राहते. दोन उन्हाळ्यांत आमचे पाच दिवे गेले. नंतर कळले की दिवे ठीक होते आणि त्यांचे ड्रायव्हर मेले होते. त्यांतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला ढोबळमानाने निम्मे होते. आपल्या वर मजला असेल तर त्रास कमी होईल, तरीही ड्रायव्हर वेगळा असलेला, छिद्रातून हात घालून काढता येईल असाच दिवा घ्यावा. वळवाच्या विजा आणि दाबातले चढउतार लक्षात घेऊन ४ किलोव्होल्टपर्यंत सर्ज सोसणारा मागावा.

जुळे सोलापूर, दुसरा मजला:

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी होल्डरला तात्पुरत्या वायरी जोडून ३०००, ४००० आणि ६५०० केल्विनचे तीन बल्ब आलटून पालटून लावले, आणि काय लावले आहे हे सासऱ्यांना सांगितले नाही. पहिल्याला त्यांनी पान उलटले, दुसऱ्याला काही बोलले नाहीत, तिसऱ्याला टोपी पुन्हा खाली आली. यजमानांनी ४००० वर समझोता केला, पण वाचनाचा दिवा ३००० चाच राहील. चौदाचे सहा झाल्यावर काम घेतलेले जरा नाराज झाले, कारण दिवे तेच पुरवणार होते.

ओट्याचे मात्र कुणी सांगितले नाही.

वायरिंगची पंचवीस वर्षे:

राहिलेच ते. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला, ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये एलईडी दिव्यांची पट्टी बसवा. मागे भिंतीला लावली तर उजेड टाइल्सवर पडतो आणि ताट अंधारातच राहते. नुसती चिकटवलेली पट्टी फोडणीच्या वाफेने सुटते आणि तापूनही लवकर मरते. १२ ऐवजी २४ व्होल्टची घ्या, म्हणजे लांब ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उजेड मंदावणार नाही. रंग ४००० आणि सीआरआय ९०, कारण ज्वारीतला सोंडा तपकिरी असतो. ड्रायव्हर गॅसच्या वर न ठेवता बाजूच्या कपाटात ठेवा.