कलासंवर्धनशास्त्रात अध्यापन व संशोधन: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर चित्रसंवर्धनाचे शास्त्र शिकवावे व त्यातच संशोधन करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आधी पीएच.डी. करावी की प्रत्यक्ष काम शिकावे?

उत्तर १: आधी हात बसू द्या, ताई. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात आणि लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत चौकशी करा.

उत्तर २: मी सहमत आहे. निजाम सरकारने १९२०च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर, रंगांचे पापुद्रे सुटू नयेत म्हणून, शेलॅक (लाखेपासून बनवलेले वार्निश) लावले; पुढे ते पिवळे पडले आणि मूळ रंगछटा झाकोळल्या. मातीच्या गिलाव्यावरील रंगाला धक्का न लावता तो थर विरघळवणारा द्रावक निवडणे हे रसायनशास्त्राचे काम असले, तरी कापसाचा बोळा किती ओला असावा आणि त्यावर मूळ रंगाची छटा दिसताच कसे थांबावे, हे भिंतीसमोर उभे राहिल्यावाचून कळत नाही, आणि ज्याला ते कळले नाही त्याने ते शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३: पीएच.डी. मात्र टाळू नका. विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक किंवा त्यावरील पदासाठी ती लागतेच.