शिकवणारा वादक संपतो? नाही पटलं
वर एकांनी लिहिलंय की शिकवण्यात आयुष्य घातलं की वादकाचा स्वतःचा हात राहत नाही, मला हे अजिबात पटलं नाही. व्हायोलिनवादक पं. व्ही. जी. जोग घ्या ना, १९२२ चा जन्म, आपल्या वाईचे, लखनौला शिकवलं मग कलकत्त्यात राहिले, बिस्मिल्ला खानांच्या सनईबरोबर त्यांची जुगलबंदी ऐका म्हणजे हात कळेल. १९८३ ला पद्मभूषण.

आमचे भुसावळचे व्हायोलिनचे सर काही नावाजलेले नव्हते. पण मे महिन्यात ४५ डिग्रीत लाकूड सुकून तारा ताणायच्या खुंट्या सटकायच्या, आत्ता लावलेली तार लगेच उतरायची, तर सर न चिडता खुंटीला खडू घासून परत बसवायचे, प्रत्येक पोराची. आणि मांडी घालून बसल्यावर उजव्या पावलावर व्हायोलिनचं डोकं नीट टेकत नाही तोवर गज (बो) हातातच देत नसत. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात ना, बोट केसभर सरकलं की सूर गेला, म्हणून अर्धा अर्धा तास नुसता सा. तेव्हा जाम कंटाळा यायचा. क्लास सुटला की सर स्वतः रियाजाला बसायचे, आम्ही चपला हातात घेऊन जिन्यातच ऐकत थांबायचो.