बोल्ट जुळले म्हणजे ब्रेक बसले असं नाही

मोठ्या मॉडेलची व्हेंटिलेटेड डिस्क (हवा खेळायला मधे फटी असलेली ब्रेकची चकती) आणि कॅलिपर (त्या चकतीवर पॅड दाबणारा भाग) तुमच्या हॅचबॅकला चालतील का, या तुमच्या प्रश्नावर वर दोघांनी 'बोल्ट जुळले की झालं' म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. कॅलिपरचा पिस्टन मोठा आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा पंप) जुनाच ठेवला, तर जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल खोल जातं. शिवाय पुढच्या ब्रेकचा जोर वाढतो, मागचे ड्रम ब्रेक तसेच, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर लॉक व्हायला, म्हणजे फिरायची थांबून घसरायला बघतात. तेरा इंची रिममध्ये तर कॅलिपर घासूही शकतो. चाक चढवून आधी हाताने फिरवून बघा.

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना पेडल स्पंजी (दाबल्यावर मऊ) होतं म्हणता, तर पहिला संशय ब्रेक ऑइलवर घ्या; ते तापून उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३०° सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५° पर्यंत उतरते. ऑइल बदला, चांगले पॅड टाका, घाटात खालच्या गिअरवर उतरा. एवढं करूनही कमी पडलं तरच डिस्क बदला, आणि कॅलिपर स्क्रॅपमधून आणलात तर सील किट (आतल्या रबरी रिंगांचा संच) नवीनच टाका.