आवड ओसरल्यावरही खाणे का थांबत नाही?

प्रश्न
मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो आणि त्यांच्यामुळे खाण्यातला आनंद वाढतो, असे वाचनात आले. गोड पदार्थाचे पहिले दोन-तीन घास मला मनापासून आवडतात. पुढचे तितकेसे आवडत नाहीत, तरी हात थांबत नाही. ही द्रव्ये आनंदाची असतील, तर आनंद ओसरल्यावर खाणे कशाच्या जोरावर चालू राहते?

प्रतिसाद १
आवडणे आणि हवेसे वाटणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि ओपिऑइड म्हणजेच अफूसारख्या द्रव्यांचा हात दोन्हींत आहे. साखरेचे पाणी जिभेवर पडले की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. ही त्याच्या आवडीची खूण मानली जाते. सुझाना पेसिन्या आणि केंट बेरिज यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मेंदूच्या न्यूक्लियस अकम्बन्स या भागातील म्यू ग्राहींना (ओपिऑइड द्रव्ये पेशींवर ज्यांना चिकटून काम करतात त्या रेणूंच्या एका प्रकाराला) उत्तेजित करणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात सोडले असता ही खूण जेमतेम एक घन मिलिमीटरच्या पट्ट्यातच वाढलेली दिसली. त्याच्या आजूबाजूला तेच द्रव्य सोडल्यावर उंदीर जास्त खात, पण आवडीची खूण मात्र वाढत नसे. म्हणजे आवड न वाढताही खाणे वाढू शकते; आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या तफावतीतच आहे.

प्रतिसाद २
वरील विवेचनाला डोपामिनची, म्हणजे हवेसे वाटण्याशी निगडित अशा मेंदूतील संदेशवाहक रसायनाची, जोड द्यायला हवी. मध्यमेंदूतील काही पेशी डोपामिन पेशींना सतत आवरून धरतात. ओपिऑइड द्रव्ये या आवरणाऱ्या पेशींनाच शांत करतात, त्यामुळे डोपामिन वाढते आणि पदार्थ मिळवण्याची ओढ तीव्र होते. उलट, डोपामिन जवळजवळ नाहीसे केलेले उंदीर स्वतःहून खात नाहीत, पण तोंडात गोड घातल्यावर त्यांची आवडीची खूण कायम असते. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग हे ग्राही औषधाने अडवले तर खाणे कमी होते का?

प्रतिसाद १
काही प्रमाणात होते. ग्राही अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ मध्ये मद्यावलंबनासाठी, तर २०१४ मध्ये ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरील औषधासोबत वजन कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. मात्र ओपिऑइड वेदनाशामके घेणाऱ्याला हे औषध दिल्यास तीव्र विथड्रॉअल लक्षणे (सवयीचे द्रव्य अचानक तुटल्यावर होणारा त्रास) उद्भवतात, त्यामुळे ते स्वतःच्या मनाने कधीही सुरू करू नये.