टर्बो बसवला म्हणून टू-स्ट्रोकचा चेंबर कापायचा?

पोर्टवाला:
मित्राने दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकवर टर्बो चढवला, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसने टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. त्यासाठी दोन्ही चेंबर (एक्झॉस्टचे मधे फुगीर पाइप) काढून टाकले आणि पोर्टला (सिलिंडरमधल्या गॅस बाहेर जायच्या भोकाला) वीतभर बेंड जोडून त्यावरच टर्बाइन आणली. गॅस जितका गरम, तितका टर्बो लवकर फिरतो, असं त्याचं म्हणणं. फोर-स्ट्रोकला हे चालेल. टू-स्ट्रोकला हे मारक आहे, असं माझं ठाम मत.

आरएक्स १०० चं इंजिन डोळ्यासमोर आणा. एक्झॉस्टला व्हॉल्व्हच नाही. पिस्टन वर येताना ताजं मिश्रण आत आणणारे ट्रान्सफर पोर्ट आधी मिटतात, एक्झॉस्ट शेवटी, आणि त्या मधल्या वेळात ताजं मिश्रण बाहेर सांडतं. चेंबरच्या मागच्या निमुळत्या कोनावर आपटून फिरलेली दाबाची लाट ते परत आत ढकलते. एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी पन्नासच्या दशकात पूर्व जर्मनीत याच लाटांवर रेसिंग इंजिनं घडवली. चेंबर काढला की टर्बो एकीकडून भरणार आणि दुसरीकडून सांडणार.

टिग_कोल्हापूर:
दादा, पटलं नाही. मी पाइप स्वतः वळतो. मीटरभर पातळ पत्र्यातून जाताना गॅस किती थंड होतो ते हाताला कळतं. ती उष्णता टर्बाइनची होती. शिवाय टर्बाइनचा अडथळाच पोर्टला बुचासारखा बसतो. मग वेगळी लाट कशाला?

पोर्टवाला:
अडथळा पोर्ट उघडल्यापासून बसतो, म्हणून जळका गॅसही आतच कोंडतो. लाट मात्र नेमकी शेवटी येते. हिशेब बघा. पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडा असतो, आणि ९००० आरपीएमला अर्धा फेरा ३.३ मिलिसेकंदांचा. ५०० अंशांच्या गॅसमध्ये लाट सेकंदाला साधारण ५५० मीटर धावते, म्हणजे तेवढ्यात जाऊन-येऊन १.८ मीटर. पाइपची कामाची लांबी ९० सेंटिमीटरच्या आसपास आली. टर्बोने पाइपमधला सरासरी दाब वाढला तरी लाटेचा वेग तापमानावरच ठरतो, त्यामुळे ट्यूनिंग, म्हणजे लाट कोणत्या आरपीएमला वेळेवर पोचते ते, फारसं हलत नाही. स्की-डूच्या ८५० सीसी टर्बो स्नोमोबिलमध्येही (बर्फावर धावणाऱ्या गाडीत) चेंबर शाबूत आहे, टर्बो त्याच्या नंतर. २०२० च्या मॉडेलने १६५ हॉर्सपॉवर ८००० फूट उंचीपर्यंत टिकवली.

फोर्थ_इंजिनिअर:
जहाजावरचं सांगतो. आमची मुख्य इंजिनंसुद्धा टर्बो लावलेली टू-स्ट्रोकच. पूर्वी सिलिंडरांचे पाइप गटागटाने टर्बाइनला नेऊन एक्झॉस्टचे ठोके वापरायचे. आता सगळा गॅस एका भल्यामोठ्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे टाकीत, सोडून दाब स्थिर ठेवतात. लाटेवर कोणी विसंबत नाही. चेंबर लागतोच असं नाही.

पोर्टवाला:
सर, तुमच्याकडे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहे. बंद कधी व्हायचं ते तो स्वतः ठरवतो. आणि १०० आरपीएमला अर्धा फेरा ३०० मिलिसेकंदांचा. तेवढ्यात लाट जाऊन-येऊन दीडशे मीटर धावेल, म्हणजे पाइप पंचाहत्तर मीटरचा. एवढा पाइप जहाजावर कुठे मावणार? तुमचा रिसीव्हर तुमच्या इंजिनाला बरोबर आहे, मोटारसायकलला नाही.

फोर्थ_इंजिनिअर:
व्हॉल्व्हचा मुद्दा मान्य. पण कमी लोडला टर्बो हवा पुरवू शकत नाही, तेव्हा आम्हाला विजेवरचे ब्लोअर लावावे लागतात, हेही ध्यानात घ्या. खालच्या आरपीएमला टर्बो मागे पडणं हा काही तुमच्या चेंबरचा दोष नाही.

टिग_कोल्हापूर:
सरांचं ऐकून माझा खरा मुद्दा आठवला. तीन सिलिंडर असतील तर आखूड हेडर (पोर्टला जोडलेला पहिला पाइप) चालतो, आणि चांगला चालतो. क्रँक १२० अंशांवर, म्हणजे पिस्टन तेवढ्या अंतराने एकामागून एक चालतात; एकाचा पोर्ट मिटायला साधारण ६० अंश उरले असताना शेजाऱ्याचा उघडतो आणि त्याचाच धक्का पहिल्याला बूच घालतो. तीन सिलिंडरच्या आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे लावायच्या इंजिनात) हीच युक्ती असते. तिथे चेंबर न लावता टर्बाइन जवळ आणता येईल. तुम्ही सगळ्याच टू-स्ट्रोकना एकच नियम लावताय.

पोर्टवाला:
तीन सिलिंडरचं मान्य. मी सरसकट लिहिलं, ती चूक. पण मित्राचं इंजिन दोन सिलिंडरचं, क्रँक १८० अंशांवर. एकाचा पोर्ट मिटत आला की दुसऱ्याचा जेमतेम उघडतो. धक्का पोचेपर्यंत दार लागलेलं असतं.

टिग_कोल्हापूर:
हो, १८० ला तो उशीरच. मग चेंबर परत लावायला सांगा, टर्बाइन चेंबरच्या शेवटच्या बारीक, शेपटीच्या पाइपनंतर. चेंबरला सिरॅमिक कापड गुंडाळा, उष्णता टिकेल. मात्र पाइप गरम राहिला की लाट लवकर परतते आणि ट्यूनिंग वरच्या आरपीएमला सरकतं, तेव्हा हेडर थोडा लांब ठेवा. मी पत्रा दीड मिलिमीटरचा वापरतो. पातळ पत्रा टर्बोच्या वजनाने वेल्डपाशीच तडकतो.