विषय: चॅनलचं पत्र – शुक्रवारच्या आत लोअर परळला, चॅनलच्या ऑफिसात, कोण जातंय?

प्रेषक: सचिव (सध्या मुक्काम दादर)

मंडळी, मराठी चॅनल कॅनडात केबलवर दिसावं म्हणून मागितलेलं पत्र आलं, पण पाहिजे होतं त्याच्या बरोब्बर उलटं. तिसऱ्या परिच्छेदात ठणकावून लिहिलंय की कॅनडातले सगळे अनन्य हक्क आमच्याकडे अबाधित आहेत. सीआरटीसीला (म्हणजे कॅनडातल्या प्रसारण नियामक आयोगाला) नेमकं हेच नकोय! चॅनलने लिहून द्यायचं असतं की कॅनडात कार्यक्रमांचे अनन्य किंवा प्राधान्याचे हक्क आमच्याकडे नाहीत, आम्ही घेणार नाही आणि वापरणारही नाही. फोन केला तर तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, लीगलने मुद्दाम स्ट्राँग करून दिलंय." कपाळ माझं.

उद्या घरी सत्यनारायण, शनिवारी पहाटे माझं विमान. मुंबईत अजून कोण आहे?

*

प्रेषक: खजिनदार (मुलुंड)

मी आहे. पण एक विचारू का? अर्ज केबल कंपनी करणार, मग पत्रासाठी वणवण आपण का करायची? मागच्या सभेत मी हेच बोललो होतो, इतिवृत्तात आलं नाही.

*

प्रेषक: सचिव

इतिवृत्त तुम्हीच लिहिलं होतंत. अर्जाला कॅनडातला पुरस्कर्ता लागतो, म्हणून कंपनी. आणि कंपनी म्हणते, "आधी पत्र आणा, मग बघू."

*

प्रेषक: माजी अध्यक्ष (स्कारबरो)

हे प्रकरण सुरुवातीपासून मी बघत होतो, निदान सीसीत तरी ठेवायचं. असो.

हक्कांचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. २००४ मध्ये इटलीच्या राई या सरकारी वाहिनीला सीआरटीसीने नाही म्हटलं होतं. इथल्या टेलेलॅटिनो वाहिनीवर वर्षानुवर्षं दिसणारे कार्यक्रम राईने काढून घेतले होते, ते आयोगाला खटकलं. इटालियन मंडळींनी सह्यांचे गठ्ठे पाठवले, तरी परवानगी मिळायला २००५ उजाडलं. त्याच सुमारास अल जझीराच्या अरबी वाहिनीला होकार मिळाला, पण अट अशी की केबलवाल्याने चोवीस तास लक्ष ठेवायचं, ध्वनिचित्रमुद्रण जपायचं, आक्षेपार्ह काही आलं तर गाळायचं. एवढं कोण करतो? कुणीच ती वाहिनी घेतली नाही. म्हणजे सीआरटीसीच्या परवानगीच्या यादीत नाव आलं की टीव्हीवर दिसलंच असं नाही. यादी म्हणजे नुसती मुभा, दाखवायची सक्ती कुणावर नाही. हे मी कोजागिरीला सांगत होतो, तेव्हा सगळे मसाला दुधाच्या रांगेत होते.

*

प्रेषक: युवा समिती

काका, २०२६ मध्ये केबल कोण बघतं? मराठी बातम्यांची चॅनल्स यूट्यूबवर लाइव्ह असतात.

*

प्रेषक: मिसिसागाच्या वहिनी

माझे सासरे बघतात. त्यांना चार बटणांचा रिमोट कळतो, पाचवं नाही. यूट्यूब लावून दिलं की मधल्या जाहिरातीला ते टीव्ही बंद करतात आणि "बिघडला गं" म्हणून मला ऑफिसात फोन करतात. युवा समितीने एक आठवडा आमच्याकडे येऊन राहावं, जेवणखाण माझ्याकडे.

*

प्रेषक: पार्ल्याचे काका (कायमचे परतलेले)

कॅनडावर चिडू नका, आपल्याकडे काय वेगळं आहे? अल जझीरा इंग्लिशला भारतात दाखवायची परवानगी मिळाली २०१० च्या अखेरीस. २०१५ च्या एप्रिलमध्ये काश्मीरचा नकाशा चुकीचा दाखवला म्हणून पाच दिवस पडदा कोरा. बाहेरच्या वृत्तवाहिनीला इथे भारतीय प्रेक्षकांसाठीच्या जाहिराती दाखवता येत नाहीत, गृहखात्याची सुरक्षा मंजुरी लागते ती वेगळीच. आमच्या केबलवाल्याकडे एकदा कॅनडातल्या बातम्या मागितल्या, तर त्याने मला भक्ती चॅनलचा पॅक जोडून दिला. अजून चालू आहे, बंद कसा करतात कुणाला माहीत आहे का?

*

प्रेषक: खजिनदार

काका, ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नियम आहेत, एकेक चॅनल काढता येतं. केबलवाल्याला लेखी द्या, तोंडी नको.

*

प्रेषक: सचिव

अहो, लोअर परळ!

*

प्रेषक: पार्ल्याचे काका

मुलुंडकरांनी स्लो पकडावी, करी रोडला उतरावं, डिलाईल पुलावरून चालत दहा मिनिटं. दादरला उतरून वेस्टर्न पकडायच्या भानगडीत पडू नये, तो जिना सकाळी जीव घेतो.

*

प्रेषक: खजिनदार

जाऊन आलो. आधी खाली पासासाठी अर्धा तास. वर लीगलच्या मॅडम सज्जन निघाल्या. म्हणाल्या, हक्क सोडतोय असं लिहायला सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. सीआरटीसीच्या वेबसाइटवरचा मजकूर मोबाइलवर दाखवला तेव्हा पटलं. त्यांनी वाक्य माझ्यासमोर बदललं. पण सही करणारे साहेब दिल्लीला असतात. पीडीएफ "संध्याकाळपर्यंत" येईल म्हणाल्या. कुठल्या संध्याकाळी ते विचारायचं राहिलं.

टॅक्सी २१० रुपये. पावती जोडतोय.

*

प्रेषक: माजी अध्यक्ष

टॅक्सी का? काकांनी ट्रेन सांगितली होती.

*

प्रेषक: मिसिसागाच्या वहिनी

सचिवबाई, सामानात दोन किलोची जागा आहे का? आईने दादरला मेतकूट आणि भाजणी काढून ठेवली आहे.